वळण आल्यावर कलणारी

चिगुसा, आधी हा खण बघ.
बेसिनच्या शेजारी, गुडघ्याच्या उंचीवर.
इथे कागदी पिशव्या ठेवायच्या,
आतून मेणचट, वर दुमडायला पट्टी.
निघताना तीस.
योनागोला परत आल्यावर मोजायच्या.
जितक्या कमी, तितक्यांची पोटं
नीमीच्या अलीकडेच उलटली.

सव्वीस वर्षं मी हा हिशेब ठेवला.
कुणी मागितला नव्हता.

इथला लोहमार्ग टाकला तेव्हा बोगदे महाग होते,
म्हणून रूळ ताकाहाशी नदीच्या मर्जीने गेले.
ती जिथे रुसली तिथे तेही वळले.
मग याकुमोच्या डब्यांना सांगितलं,
वेग कमी करू नका, झुका.

उनेदा-सान मला एकदा खड्ड्यात घेऊन उतरले,
बॅटरी मारून म्हणाले, ते बघ.
सोब्याचं पीठ लाटायचं लाटणं असतं ना,
तसे पोलादी, ग्रीसने काळे.
डबा चाकांवर नाही, कादोवाकी,
ह्या लाटण्यांवर नुसता ठेवलाय.
एसीसुद्धा पोटाखाली टांगलाय,
छपरावर बर्फाशिवाय काही नाही.
वळणावर पोट बाहेर जातं, डोकं आत झुकतं,
आपलं आपण, कुणी न ढकलता.
फक्त
त्याला आधी काही कळत नाही.

वळण सुरू होतं. एक क्षण जातो.
मग डबा दचकल्यासारखा कलतो.
वळण संपलं तरी कललेलाच,
आणि मग आठवण झाल्यासारखा सरळ.
मळमळ होते ती त्या क्षणात.

माझा सुगुरू ह्याच गाडीने ओसाकाला गेला.
अठराचा होता. फलाटावर मी गणवेशात,
हातात पोछा, धड हातही हलवता आला नाही.
गाडी ओकायामापर्यंत जाऊन संध्याकाळी परतली,
तोच संच, तोच डबा.
मी मोजल्या.
एकोणतीस.

अकरा वर्षांनी फोनवर विचारलं, तू होतास का रे?
म्हणाला, आई, मी तर पूर्ण वेळ झोपलो होतो.
तुझ्या लक्षात येतंय ना, चिगुसा,
त्या रस्त्यावर कुणीही झोपत नाही.

शेवटच्या दिवशी हिनो नदीच्या बांधावर
सकाळपासून तिवया लागल्या होत्या.
एकाने घडीची शिडी आणली, एकाने आजारी बायकोला
ब्लँकेटसकट खुर्चीत बसवून आणलं.
मागे दाइसेन निम्मा ढगात.
गाडी आली, क्रीम आणि लाल,
वळणावर नेहमीसारखीच उशिरा कलली,
आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या.
सव्वीस वर्षांत त्या कलण्याला
मी टाळ्या ऐकल्या नव्हत्या.

ही नवी, काशाच्या रंगाची, हुशार आहे.
सगळी वळणं तिला तोंडपाठ.
यायच्या आधीच अंग सावरून घेते,
कपातला चहा हलत नाही.
गेल्या महिन्यात दोन पिशव्या गेल्या,
त्यातली एक, मला वाटतं,
कुणीतरी आठवण म्हणून नेली.

तरी तू तीसच भर.

मी परवा सुट्टीच्या दिवशी तिकीट काढून बसले,
खिडकीशी, प्रवाशासारखी.
बित्चू-ताकाहाशीच्या पुढे नदी डावीकडे आली
आणि माझं अंग थांबलं,
त्या जुन्या एका क्षणासाठी.
डबा केव्हाच कलून सरळ झाला होता.
शेजारच्या मुलीने विचारलं, बरं वाटत नाहीये का?
हो म्हणावं की नाही, ते कळेना.

चल, तीन नंबरचा डबा राहिलाय.
आणि त्या खणाचं दार हळू लाव,
बिजागरी नवी आहे, अजून करकरते.