खडकीचं मीठ

मर्ल स्टाउफरनं पिकअपमधून लाकडी खोकं उतरवलं
वेल्सबरोबाहेरच्या जुन्या खाणीत,
मार्चच्या उरल्यासुरल्या बर्फावर.
"स्वस्तात मिळाल्या," तो म्हणाला,
"साठ वर्षं कुठल्यातरी कोठारात पडून होत्या,
लष्करानं काढून टाकलेल्या. भरवसा नाही.
पाचात एक रुसते."

मी शेजारीण. त्याच्या बायकोच्या गुडघ्याला व्यायाम देणारी.
आज नुसती थर्मास घेऊन आलेली.

त्यानं पाच-पाचांच्या क्लिपा भरल्या.
वरच्या काडतुसाची कड खालच्याच्या पुढे हवी,
मागे राहिली तर बोल्ट अडतो.
मी एक उचललं
आणि सवयीनं उलटं करून बूड वाचलं.

सवय बाबांची.
कुणाकडे जेवायला गेले तरी वाटी रिकामी झाली की उलटी करायचे:
कुणी दिली, कुणाला, कुठल्या साली.
आमच्या घरात नाव नसलेलं भांडं नव्हतं,
टिंबाटिंबांनी कोरलेलं,
चमच्यांवरसुद्धा, अक्षरं दाटीवाटीनं.

इथे पितळेवर एवढंच: के एफ ५६.

के म्हणजे किर्की.
साहेबाच्या जिभेला खडकी पेलली नाही.
छप्पन्न म्हणजे बाबा एकोणीस वर्षांचे,
तपासणी खात्यात, दुसऱ्या पाळीला,
भोंगा झाला की डबा अर्धा टाकून.
आठ तास हीच बुडं, ह्याच कडा, गेजमधून
पास, पास, पास, रिजेक्ट.
स्वतः एक गोळी उडवली नाही कधी.
लवंगी फटाकासुद्धा हात लांब करून, उदबत्तीनं.

मर्लनं बोल्ट पुढे रेटला, खाली दाबला.
धाड. समोरच्या कड्यावरून धूळ.
धाड.
मग नुसतं टक्.

"हलू नकोस." नळी समोरच धरून तो म्हणाला,
"कधीकधी उशिरा पेटतं. तीसपर्यंत मोज."

तो इंग्रजीत मोजत होता, ओठातल्या ओठात.
मी मराठीत, आणि एकोणीसवर अडखळले.
रात्रीचे अकरा. पंखा बंद. डोळ्यांवर झापड.
हे एक पुढे सरकलं असेल.
किंवा दुसऱ्याच कुणाच्या हातून, तिथे शेकडो हात होते.
किंवा तेव्हा ठणठणीत होतं
आणि नंतर कुठल्याशा बंदरात ओल लागली.
एकोणतीस. तीस.

काही झालं नाही.
काडतूस चटईवर पडलं, बुडात एक खळी.
"इंडियन," मर्ल म्हणाला,
गुडघा दुखला की त्याची बायको "पाऊस" म्हणते तसं.
मी म्हटलं, "साठ वर्षं खोक्यात राहिलास तर तूही रुसशील."
तो हसला. बाकीचं मी बोलले नाही.

गॅरेजमध्ये त्यानं गोळी ओढून काढली.
मला वाटलं होतं, काळी भुकटी सांडेल.
निघाल्या शेवया.
पिवळसर, सारख्या लांबीच्या,
कुणीतरी खाटेवर वाळवून बांधल्यासारखी जुडी.

मग किटली. नरसाळं. उकळतं पाणी नळीतून,
कारण ह्या जुन्या टोप्यांच्या राखेत मीठ असतं,
आज राहिलं की उद्या गंज.
खाल्ल्या मिठाला जागावं, बाबा म्हणायचे,
कारखान्याबद्दलच, पगाराच्या दिवशी.
लोखंड खरोखरच जागतं:
रात्रभर, आतल्या आत, तांबडं होईतो.
बादलीत काळं पाणी पडलं. मग करडं.
"आणखी एक किटली," मी म्हटलं.
"पुरे झालं की."
"आणखी एक."

जाताना त्यानं एक रिकामी पुंगळी दिली, उडालेली.
ती खिशात. घरी येऊन हात धुतले, दोनदा.
पितळेचा वास राहिला.

बाबा लिंबाची फोड चोळायचे, जेवायच्या आधी,
मोरीपाशी, एकेक बोट.
फ्रिज उघडून पाहिला.
लिंबू नव्हतं.