गाळलेल्या जागा

शाळेतली शेगडी पेटवायचं काम माझंच.
धूर खाली बसला की श्रुतलेखन:
हिवाळ्यात मेंढ्या खालच्या कुरणात उतरतात.
उमसुनायच्या वहीत
हिवाळ्यात मेंढ्या . . . . . . उतरतात.

दोन वर्षं त्या रिकाम्या जागांभोवती
मी लाल शाईनं गोल काढले.
लक्ष कुठंय, विचारलं की
पापण्या फडफडवून ती मलाच विचारायची,
कुठलं वाक्य, बाई?
कोपऱ्यात उभं केलं. किती वेळा, ते तेव्हा मोजलं नाही.
आता मोजते.

मग एकदा पाण्याचा पेला तिच्या हातात तिरका झाला,
पाणी बुटांवर, फरशीवर,
आणि चेहऱ्याला त्याची खबरच नाही.
सात-आठ सेकंद.
त्या दिवशी मी ओरडले नाही.

बाप शारशेन खिंडीपलीकडे कळपामागे,
आई रशियात कुठंशी कोट शिवते.
म्हणून आतबाशीहून निघालेल्या मार्शरुत्कात
तिच्याशेजारी मी.
पिशवीत पाव, उकडलेली अंडी,
आणि का कोण जाणे, तिच्या वह्या.

नारिनच्या इस्पितळातली डॉक्टर, तोलकुन.
आमच्याकडे तोलकुन म्हणजे लाट.
यंत्राकडे वळण्याआधी तिनं खणातून
कागदी भिरभिरं काढलं.
फुंक. थांबू नकोस. अजून.
एक मिनिट. दीड.
लाल-पिवळं एकच रंग झालं,
मग परत दोन झाले,
मग पाती मोजता यायला लागली. चार.

ती खुर्चीत होती, आणि नव्हती.
डोळे माझ्या खांद्यावरून पलीकडे,
तिथं नुसती भिंत.
डॉक्टर घड्याळाकडे बघत हळूच म्हणाली, सफरचंद.
अकराव्या सेकंदाला भिरभिरं पुन्हा हललं.
मी आत्ता काय म्हणाले?
फुंक म्हणालात.
मग जरा वेळानं: आणखी काही म्हणालात का?

वेण्या मी सोडल्या.
चिकट मलम, टाळूवर तारा,
पडद्यावर वाऱ्यावरच्या गवतासारख्या
आपापल्या मर्जीच्या रेघा.
आणि अचानक सगळ्या एका ओळीत,
सेकंदाला तीन, टोक आणि उतार, टोक आणि उतार,
वर्गात कुणीतरी दरडावल्यासारख्या.

अपस्मार आहे, डॉक्टर म्हणाली. पडणारा नव्हे, गप्प राहणारा.
तिनं वह्या मागितल्या.
पेन्सिलीच्या टोकानं माझे गोल मोजले.
या पानावर चार. यावर सहा.
तुम्ही तर सगळी नोंदच ठेवलीये की, बाई.
कौतुकच होतं ते.
मी बेसिनपाशी उमसुनायचे केस धूत राहिले,
मलम निघाल्यावरही.

शारशेनला फोनवर सांगितलं:
औषध दिवसातून दोनदा, जेवणानंतर,
एकही वेळ चुकवायची नाही.
बरं, म्हणाला.
आणि घोड्यावर एकटीनं बसायचं नाही, सध्या.
पलीकडे बराच वेळ वारा, कुत्री.
मग: घोड्याला काय सांगू?

पहिल्या आठवड्यात तिचं पोट दुखलं, उचक्या लागल्या.
मागच्या बाकावर पैजा लागल्या, किती होतील.
डोस खाली आणला, मग थेंबाथेंबानं वर.
मी कुणाला न सांगता तिच्या पापण्यांवर पाळत ठेवून.

मार्च संपताना श्रुतलेखन घेतलं:
वसंतात खिंडीतला बर्फ आधी काळा होतो, मग वितळतो.
वहीत
वसंतात खिंडीतला बर्फ आधी काळा होतो, मग . . . . . .

माझी बोटं गार पडली.
उमसुनाय, हे काय?
ऐकलं मी, बाई, ती म्हणाली.
वितळतो म्हणालात. तो लिहायचा कसा, तेच येईना.

मी लाल पेनाचं टोपण काढलं.
गोल. अर्धा गुण वजा.
नाक वर ओढत, पाय आपटत ती जागेवर गेली.
मी शेगडीत आणखी कोळसा घातला,
गरज नव्हती तरी.