गोपनीय, दोन प्रती

कचेरीच्या मागच्या दारासमोर माझं झेरॉक्सचं दुकान.
अडीच फुटी फळी, एक मशीन, एक टेबलफॅन,
आणि चव्वेचाळीस अंशांत
आधी मशीन तापतं की मी, ही रोजची पैज.

सिद्राम शिपाई कागद पालथा ठेवायचा काचेवर.
"दोन प्रती. काय बघूलालास बे, बटण दाब."
मी बटण दाबायचो.
पण कागद गरम होऊन बाहेर येतो तो उताणा,
आणि मला सातवीपर्यंत वाचायला शिकवलेलं आहे.

वर शिक्का होता : गोपनीय.
खाली आमच्याच भागाचा नकाशा.
अक्कलकोट रोडकडून तांबडी रेघ सरळ येत होती,
ऐंशी फूट, गुणी मुलीसारखी मान खाली घालून,
ती मंगल कार्यालयापाशी आली
आणि अशी वळली
जसा सावकार दिसल्यावर माणूस गल्लीत वळतो.
वळून गेली ती येमूलांच्या चार मागांवरून,
त्यांच्या बोअरवरून, शेवग्यावरून,
म्हातारी विड्या वळत बसते त्या पायरीवरून.

मी सिद्रामकडून पैसे दोनच प्रतींचे घेतले.

तिसरी प्रत अनिस शाब्दीला दिली.
आडनावातच शब्द असलेला माणूस,
चार पानी पेपरात एकटाच बातमीदार,
जाहिरातीही तोच आणतो.
चहा बशीत ओतत म्हणाला,
"चाचा, तुमचं नाव माझ्या तोंडून जायचं नाही."
गेलंही नाही. दोनदा बोलावलं त्याला, नाही गेलं.

खोटं कशाला सांगू, मला रस्ता हवा आहे.
पावसात आमच्या बोळात रिक्षावाला येत नाही,
उन्हात फुफाटा थेट मशीनच्या काचेवर बसतो,
प्रत्येक प्रतीवर आमच्या गल्लीचा ठिपका उमटतो.
म्हणून म्हणतो, रस्ता करा, आमची घरं पाडा हवं तर,
पण रेघ आम्हाला दाखवून ओढा.
शत्रूपासून लपवायचं ते लपवावं सरकारनं.
येमूलांची म्हातारी कुठल्या देशाची हेर?

बातमी आली रविवारी.
सोमवारी चौकशी बसली :
कागद बाहेर गेला कसा?
रेघ का वळली, हे विचारायला
त्या चौकशीत खुर्चीच नव्हती.

सिद्रामची बदली हिप्परग्याच्या पंपावर.
रात्रपाळी.

रेघ आता 'पुनर्विचाराधीन' आहे.
म्हणजे अर्धा रस्ता खणलेला,
खडीच्या ढिगावर शेळ्या,
आणि पाण्याची लाईन फुटल्यानं
पाच दिवसांनी येणारं पाणी आठ दिवसांनी.
येमूल म्हणतो, माग वाचले, उपकार झाले कुणाचे तरी.
मग थोड्या वेळानं म्हणतो,
रस्ता झाला असता तर टेम्पो दारात आला असता.
दोन्ही वाक्यं तो एकाच आवाजात बोलतो.

मी पुष्कळदा ठरवलं, जाऊन सांगावं.
साहेब, तो नव्हे, मी.
शर्टाची बटणं लावून दोनदा रस्ता ओलांडला,
कचेरीच्या पायरीला हात लावून परत आलो.
बातमीदारानं माझं नाव राखलं.
मी सिद्रामचं राखलं नाही.
यातलं कुठलं गुपित गोपनीय
आणि कुठलं नुसतं भित्रं,
याचा शिक्का माझ्याकडे नाही.

दिवाळीनंतर आला तो.
वाळलेला, डोळे रात्रपाळीचे.
खिशातून घडी काढली : बदलीचा हुकूम.
"युनियनला द्यायचाय."
या वेळी कागद त्यानं सुलटा ठेवला,
अक्षरं माझ्याकडे करून.

"किती?"
"दोन."
मशीन गुरगुरलं, हिरवा उजेड सरकला.
प्रती त्यानं बोट ओलं करून मोजल्या,
ट्रेमध्ये डोकावला,
मग मशीनच्या मागेही.

"तिसरी नाही ना अडकली?"

मी पैसे नको म्हणालो.
त्यानं चार रुपये फळीवर ठेवले,
सुट्टे, मोजून,
आणि खणलेल्या रस्त्याच्या कडेकडेनं
सायकल हातात धरून निघून गेला.