चुलबंदीत

कमरेइतकं पाणी, पुसाचा गारठा.
"पाय उचलू नोको गा,"
दुधरामकाका काठावरून,
"घसरव."
मी घसरवतो.
"काय लागते?"
रेती.
"फुडं?"
गोटा. बुळबुळीत. त्याच्यामागं
पाणी एकदम मुकं.
"थाम. थेच तिचं घर."

गुडघे गेल्यापासून
तो माझ्या तळव्यांनी नदीत उतरतो.

गळाला नाकतोडा. बांबूची काडी वाकली
एकदाच. मांडीला शेपटी घासून गेली,
मग नुसता दोरा, वाऱ्यावर.

ओल्या चड्डीनं काठावर आलो, दात वाजत.
"केवढी होती मरळ?"
मी हात पसरले.
त्यानं बिडी ओठांत धरली,
माझी मनगटं पकडली
आणि माझे हात
वीतभर आणखी दूर नेले.