एकवीस पायऱ्या

पहिली प्रिंट बघून तारामती गिरप एवढंच म्हणाली,
"माझो बापूस काळो होतो, हिरवो नाय.
शेवाळ इला काय तेच्यावर?"

तिचं बरोबर होतं. ट्यूबलाइटखाली हिरवा,
दाराशी नेला, वेंगुर्ल्याच्या उन्हात, तर जांभळट.
सुकत घातलेल्या रतांब्याच्या सालीसारखा
तासातासाला वेगळा.
प्रिंटरकडे मी काळा मागत होतो
आणि तो निळा, किरमिजी, पिवळा कालवून
काळ्यासारखं काहीतरी हातावर ठेवत होता,
दुधात पाणी घालणाऱ्याच्या निरागस चेहऱ्यानं.

मग त्याला नुसती काळी शाई दिली.
गिरपाच्या कपाळावर वाळू सांडली, ठिपका ठिपका.
मग करडी मागवली, मग फिकट करडी,
कोल्हापूरहून, कुरियरनं, उधारीवर.
दमट हवेत चकचकीत कागद कडांनी वळायचा,
तो तांदळाच्या डब्यात ठेवला.
बायको म्हणाली, आता भाताला फोटोचा वास येणार.
नोझल तपासली तर ओळीत दोन फटी.
खारं वारं कुणाच्या नाकात शिरत नाही इथे?
हेड धुतलं. निम्मी शाई स्पंजानं प्यायली.
एका रात्री मधेच लाईट गेली:
अर्धा गिरप ट्रेमध्ये, अर्धा अजून मशीनच्या पोटात.

रोज रात्री आधी पट्टी काढायची,
पांढऱ्यापासून काळ्यापर्यंत एकवीस पायऱ्या,
बंदरावरच्या धक्क्याला असतात तशा.
माझ्याकडे कायमची भरती.
सोळाव्या पायरीखाली सगळं एकाच काळ्या पाण्यात.
मला ओहोटी हवी होती,
शेवटची एक सोडून बाकी सगळ्या उघड्या.

कर्व्ह ओढला. केसभर. परत केसभर मागे.
कागद तिरका धरला तर काळ्यावर तांबूस झाक,
पाण्यावर डिझेल तरंगावं तशी.
शाई कमी केली, कागदाची जात बदलली,
प्रिंट रात्रभर टेबलावर, पंखा बंद,
मी घामात, ती सुकत.

नवव्या रात्री पाणी उतरलं.
सतराव्या पायरीवर होडीच्या डांबरात फळ्यांचे जोड दिसले,
अठराव्यावर जोडांत ठोकलेला काथ्या,
आणि एकोणिसाव्यावर, होडीला टेकलेला, डावा हात.
नाबर मास्तरांनी अठ्ठ्याहत्तर साली फोटो काढला
तेव्हापासून तो तिथेच, सावलीत होता.
तीन बोटांचा.

शनिवारी मासे विकून ती आली,
रिकामी पाटी बाहेर ठेवली, हात पदराला पुसले.
प्रिंट दिव्याखाली धरली, दारात नेली, परत आणली.
हिरवी नाही. जांभळी नाही.
मी कौतुकाची वाट बघत उभा, चहा सांगितलेला.

"तो हात झाक," ती म्हणाली.
"बापाशीन जल्मभर झाकल्यान.
म्हणान तर थय उभो रवलो तो."

नांगराच्या दोरात गेली बोटं की सुरुंगात,
मी विचारलं नाही. तिनं सांगितलं नाही. चहा प्यायलो.

त्या रात्री तेवढ्या कोपऱ्यात पाणी परत चढवलं.
काळा उघडण्यापेक्षा मिटणं अवघड:
जरा जास्त झाला की लगेच कळतं, इथे कुणीतरी
काहीतरी पुसलंय.
काथ्या राहू दिला. जोड राहू दिले.
हात होडीत विरघळेपर्यंत पहाटेचे चार झाले,
बंदराकडे कुणीतरी इंजिन चालू करत होतं, लागत नव्हतं.

फ्रेम तिनं स्वतःच उचलून नेली, पाटीत आडवी ठेवून.

नववी प्रिंट माझ्या खणात आहे,
चकचकीत बाजू खाली.
फाडायला दोनदा काढली होती.
पण त्या तीन बोटांची नखं
इतकी नीट उतरली आहेत.