होडीचा रकाना

हर्णै बंदरात, सोसायटीच्या खोलीत,
बर्फ फोडणाऱ्या मशीनच्या घरघरीत
मी होड्या डेटाबेसमध्ये घालते.

‘मोतीबाय’ सेव्ह केली
की तिच्यामागोमाग चढतात
तांडेल जनू चोगले, सात खलाशी, जाळी.
एकेकाला हात द्यावा लागत नाही.

पुन्हा उघडली, तर आधी नुसती होडीच येते:
नंबर, लांबी, इंजिन.
माणसं खाली राहतात, कुणी विचारेपर्यंत.
विचारलं, की एकेक नाव वर येतं
गळाला लागल्यासारखं.

आज जनूभाऊ आले.
खवलं चिकटलेल्या पिशवीतून कागद काढला:
होडी भंगारात दिली. नाव काढून टाक.

डिलीटवर बोट गेलं, आणि आठवलं,
शिमग्याआधी मीच लिहिलेली ओळ:
होडी गेली की तिचं सगळं जाईल.

“थांबा जरा,” म्हटलं. ओळ बदलली.
आता होडी नाही.
सात खलाशी आहेत,
होडीच्या रकान्यात काही नाही.

जनूभाऊ चष्मा वर करून बघत राहिले.
“हां. तसंच आहे ते.”
मग खिडकीतून धक्क्यावर हाक मारली,
“लवू, आत ये रे,
तुझं नाव आहे अजून इथं.”