सहा बावीस

जयगडच्या बर्फ कारखान्यात, डिझेलच्या वहीशेजारी
एक लाल पेटी खिळ्याला होती दीड वर्ष.
सोसायटीकडून आली तेव्हा सही माझी.
पावसाळ्यात मी तिच्यात माचिस ठेवायचो,
कोरडी राहते म्हणून.

मंगळवारी क्रशरने अश्फाक होडेकरचा हात आत ओढला.
बर्फ गुलाबी झाला,
मग गुलाबी राहिला नाही.
कुणी म्हणालं हळद, कुणी टॉवेल.
कोळंबी सोलणारी जुलेखा,
त्या प्रशिक्षणाला आमच्यातून गेलेली एकटीच,
तीही चहा-बिस्किटांसाठी,
म्हणाली, "आधी तुमची माचिस काढा."

पट्टा कोपराच्या वर. दांडी पिळली.
अश्फाक किंचाळला. तिने अजून पिळली.
"ओरडू दे. गप झाला तर सांगा."
मग क्रेटवर नंबर टाकायच्या पेनने
त्याच्या कपाळावर वेळ लिहिली: सहा बावीस.

रत्नागिरीपर्यंत वळणंच वळणं.
टेम्पोत त्याचं डोकं माझ्या मांडीवर.
घामाने शाई भुवईत उतरत होती
आणि मी तेवढंच पुन्हा पुन्हा वाचत होतो,
जन्मात पहिल्यांदाच काहीतरी
वाचता आल्यासारखा.

पेटीत आता नवा पट्टा आहे. सही पुन्हा माझी.
माचिस खिशात सर्दावते.
सर्दावू दे.